मुलांची वेणी घरच्या घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज सकाळी दोन मुलींच्या वेण्या घालणाऱ्या एका बापाने ही उत्तरं लिहिली आहेत. थोरलीचे केस सरळ आणि निसटते, धाकटीचे कुरळे आणि दाट. एकीच्या डोक्यावर शिकलेलं दुसरीच्या डोक्यावर चालत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. ओळखीतले आईबाबा, आज्या, काका, माम्या जे पुन्हा पुन्हा विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत. त्यातले बरेचसे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात: वेणी टिकावी म्हणून आपण ती आवळतो, पण टिकते ती तिन्ही पेडांना सारखा ताण मिळाला की.

मला वेणी अजिबात घालता येत नाही. सुरुवात कुठून करू?

मुलाच्या डोक्यापासून करू नका. वेगवेगळ्या रंगांच्या तीन जाड नाड्या घ्या, एका टोकाला गाठ मारा आणि खुर्चीच्या पाठीला बांधा. आता उजवीकडची नाडी मधलीवरून मध्ये आणा, मग डावीकडची मधलीवरून मध्ये आणा. अख्ख्या तिपेडी वेणीत एवढ्या दोनच हालचाली आहेत. रंग वेगळे असल्यामुळे चूक लगेच दिसते. एकच रंग लागोपाठ दोनदा हलला, तर समजायचं की आपण घातलेला वेढा आपणच काढला.

खरी अडचण ही की पेड तीन आणि हात दोन. त्यावर बोटांची एक ठरलेली पकड आहे. डावा पेड डाव्या हाताच्या मागच्या तीन बोटांनी तळव्याशी धरा आणि मधला त्याच हाताच्या चिमटीत ठेवा. उजवा पेड उजव्या चिमटीत. उजवी चिमटी आपला पेड मधल्यावरून आणते. त्याच क्षणी डावी चिमटी जुना मधला पेड सोडते आणि उजव्या हाताची मागची तीन बोटं तो खालून उचलतात. आता उजव्या हातात दोन पेड आहेत आणि डाव्यात एक. पुढची हालचाल हीच, फक्त हात बदलून. पहिल्या दिवशी बोटं लाकडाची असल्यासारखी वाटतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्याकडे न बघता जमायला लागतं, आणि मगच केसांना हात लावावा.

(गंमत म्हणून सांगतो: गणितात वेण्यांचा रीतसर सिद्धांत आहे. एमिल आर्टिन या गणितज्ञाने तो १९२५ च्या सुमारास मांडला. त्यात वेणीचा प्रत्येक वेढा ही एक क्रिया असते आणि प्रत्येक क्रियेला तिची उलट क्रिया असते. म्हणून कुठलीही वेणी सोडवता येते, फक्त शेवटच्या वेढ्यापासून उलटं यावं लागतं. घाईच्या सकाळी वेणी मधूनच उपटून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

साधनं काय काय लागतात?

रुंद दात्यांचा कंगवा, भांग पाडायला शेपटीचा कंगवा, पाण्याची फवारणीची बाटली, पेड बाजूला धरून ठेवायला दोन-तीन मोठ्या क्लिपा आणि कापडाने मढवलेले रबर. रबराला धातूचा जोड नसावा, त्या जोडात केस अडकून तुटतात. उघडे, चिकट छोटे रबर वापरायचेच असतील तर ते एकदाचे समजा. संध्याकाळी ओढून न काढता लहान कात्रीने कापून टाका.

विंचरायला घेतलं की रडारड सुरू होते. काय करावं?

बहुतेक घरांत रडारड वेणीची नसते, गुंत्याची असते. आणि गुंता सुटत नाही याचं मोठं कारण म्हणजे आपण कंगवा टाळूपासून खाली ओढतो. असं केलं की वाटेतल्या चार लहान गाठी खाली सरकत सरकत एकत्र येतात आणि टोकाशी एक मोठी जट होते.

उलटं करा. आधी टोकाची चार बोटं लांबी मोकळी करा. मग त्याच्या वरची चार बोटं, पण प्रत्येक वेळी कंगवा थेट खालच्या टोकापर्यंत आणून. मुळाशी सगळ्यात शेवटी पोचायचं. केसाचं बाहेरचं आवरण बारीक खवल्यांचं असतं आणि त्या खवल्यांची तोंडं टोकाकडे असतात. म्हणून मुळाकडून टोकाकडे हात फिरवला तर केस गुळगुळीत लागतो, उलटा फिरवला तर खरखरीत. शेजारचे केस एकमेकांत अडकतात तेही याच खवल्यांमुळे. कोरडेपणा वाढला की खवले उचलतात आणि गुंता वाढतो.

दुसरी गोष्ट हाताची. गुंत्याच्या वरच्या बाजूला केसांची ती बट मुठीत घट्ट धरा आणि मुठीच्या खाली विंचरा. ओढ तुमच्या मुठीला बसते, टाळूपर्यंत जात नाही. धाकटी "दुखतंय" म्हणायची तेव्हा मी हळू, अगदी अलगद विंचरायचो आणि तिला जास्तच दुखायचं, कारण अलगद धरलेली बट प्रत्येक झटक्याला मुळापासून ओढली जात होती. मूठ आवळल्यावर तिचं रडणं थांबलं.

जट अगदीच घट्ट असेल तर तिच्यावर तेलाचे दोन थेंब किंवा थोडा कंडिशनर लावा, दोन मिनिटं थांबा, आणि मग कंगव्याच्या शेवटच्या दात्याने कडेकडेने एकेक केस सुटा करा. मधून सुरुवात करू नका. कात्री सगळ्यात शेवटी. आडवी चालवली की तिथल्या झिपऱ्या सहा महिने दिसत राहतात, तेव्हा गाठ उभी चिरायची आणि बोटांनी उकलायची.

वेणी ओल्या केसांवर घालावी की कोरड्या?

सरळ केस असतील तर जवळजवळ कोरड्या, हाताला थोडा ओलावा लागेल इतपतच. ओला केस जास्त ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर तुटतो. शिवाय ओला असताना ताणून बांधलेला केस वाळताना आखडतो, त्यामुळे सकाळी ठीक वाटलेली वेणी दुपारी घट्ट वाटते. शिकत होतो तेव्हा एकदा न्हाऊन आलेल्या थोरलीच्या केसांवर मी ताणून दोन वेण्या घातल्या. संध्याकाळी तिच्या कानशिलापाशी बारीक लाल पुटकुळ्या दिसल्या. ओल्या दाट वेणीची आतली बाजू तासन्‌तास वाळत नाही, हेही त्याच दिवशी कळलं.

केसांना लाटा हव्या असतील तर किंचित ओलसर केसांची सैल वेणी घालून ती पूर्ण वाळू द्यावी. ओलाव्यामुळे केसाच्या आतले काही नाजूक बंध सुटतात आणि वाळताना ते आहे त्या आकारात परत जुळतात. लाटा येतात त्या यामुळे, आणि पुन्हा पाणी लागलं की जातातही यामुळेच.

तेल लावून वेणी घालावी का?

थोडं तेल लावल्याने विंचरताना घर्षण कमी होतं, हे खरं. तळहाताला लावून, हात चोळून, फक्त मधल्या भागाला आणि टोकांना पुरेल इतकंच घ्या. जास्त झालं तर पेड निसटतात आणि धूळ बसते. तेलांमध्ये फरक असतो. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, तर खनिज तेल केसाच्या वरच राहतं. वयात येण्याआधी मुलांच्या टाळूतल्या तेलग्रंथी फारशा सक्रिय नसतात, त्यामुळे त्यांचे केस मोठ्यांच्या मानाने कोरडे राहतात आणि रोज शॅम्पूची गरजही नसते.

भांग सरळ येतच नाही.

नाकाच्या शेंड्यावर शेपटीचा कंगवा टेकवा, तिथून वर कपाळावर या आणि न उचलता टाळूवरून मागे न्या. कंगव्याचं टोक टाळूला टेकलेलं राहिलं पाहिजे, हवेत गेलं की रेघ वळते. डोक्याच्या मागे भोवरा असतो, तिथे केस गोल फिरून उगवतात आणि भांग एका बाजूला पळतो. तिथे जबरदस्ती करू नका. भोवऱ्यापर्यंत एक रेघ काढा, मग मानेच्या मध्यापासून वर दुसरी रेघ काढून पहिलीला मिळवा. बाजूचे चार-सहा केस चुकीकडे गेले तर कुणालाही दिसत नाही. नागमोडी भांगही छान दिसतो, आणि विचारलंच कुणी तर मुद्दाम पाडला म्हणून सांगता येतं.

दोन वेण्या कधीच सारख्या होत नाहीत. एक वर, एक खाली. एक जाड, एक बारीक.

जाड-बारीक होण्याचं मूळ भांगात असतं. वेणी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे केस दोन मुठींत धरून बघा, डोळ्यांपेक्षा मुठीला फरक लवकर कळतो.

वर-खाली होण्याचं कारण तुमच्या उभं राहण्यात आहे. उजव्या हाताचा माणूस मुलाच्या मागे मधोमध उभा राहून दोन्ही वेण्या घालतो तेव्हा एक वेणी त्याच्या सोयीच्या कोनात येते आणि दुसरी आडून घातली जाते. प्रत्येक वेणीसाठी त्या-त्या खांद्याच्या मागे सरका. आधी दोन्ही बाजूंना पहिले तीन-तीन वेढे घाला, क्लिप लावून थांबा, दोन पावलं मागे जाऊन बघा. सुरुवात कानाच्या पाळीच्या वर आहे की मागे, ते दोन्हीकडे जुळवा आणि मगच पुढे चला. एक वेणी संपवून दुसरी घेतली की पहिली सोडवायचा कंटाळा येतो. मग आपण दुसरीच तिच्यासारखी वाकडी घालतो. अनुभवाचे बोल.

वेणी दुपारपर्यंत सुटते. जास्त आवळू का?

नको. सुटणारी वेणी बहुधा पहिल्या दोन वेढ्यांत सैल आणि पुढे घट्ट असते. सुरुवात मुळापाशी नीट बसली नसेल तर खाली कितीही आवळलं तरी ती सैल जागा केस सोडत राहते. सुरुवातीला बोटं डोक्याला टेकलेली ठेवा. प्रत्येक वेढा घातला की तिन्ही पेड बाजूला, आडवे ताणा, खाली ओढू नका. आडव्या ताणाने वेढा जागेवर बसतो, खालच्या ओढीने फक्त टाळू दुखते.

निसटते सरळ केस असतील तर आणखी दोन उपाय आहेत. आदल्या दिवशी धुतलेल्या केसांवर वेणी ताज्या धुतलेल्या केसांपेक्षा चांगली टिकते. आणि आधी सैल पोनी बांधून तिची वेणी घातली तर सुरुवातीचा प्रश्नच उरत नाही. थोरलीच्या धावण्या-पळण्याच्या दिवशी मी हेच करतो.

टोकाशी एक पेड संपतो आणि दोन उरतात, असंही होतं. केसांची लांबी सारखी नसते, ते होणारच. उरलेल्या दोनपैकी जाड पेडातले थोडे केस बारीक पेडात मिसळा आणि चार-पाच सेंटिमीटर आधीच रबर लावा. शेवटच्या चार केसांपर्यंत विणत गेलात तर उंदराचं शेपूट होतं आणि रबर घसरतो.

मग नेमकी किती घट्ट चालेल?

वेणी घातल्यावर कपाळाच्या कडेला केसांच्या रेषेवर बघा. तिथली कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसली, किंवा मुळाशी बारीक पांढरे उंचवटे दिसले, तर ती सोडून पुन्हा घाला. भुवया वर करायला सांगा, चेहरा हसवा. कपाळ आखडल्यासारखं वाटलं तर घट्ट आहे. मूल "डोकं दुखतंय" म्हणालं तर वाद न घालता सोडा. "थोड्या वेळाने सवय होईल" हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, आणि ते चुकीचं आहे.

सततच्या ओढीने केस जाण्याला डॉक्टर ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्याची वैद्यकीय नोंद आहे. आधी कानशिलांवरचे आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात, कधी मुळाशी पुटकुळ्या येतात. या टप्प्यावर ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळं कायमची निकामी होतात आणि तिथे पुन्हा केस येत नाहीत. म्हणून रोज त्याच जागी, त्याच ओढीची वेणी नको. एक दिवस उंच, एक दिवस खाली, सुट्टीच्या दिवशी केस सुटे. भांगसुद्धा अधूनमधून सरकवा. कडेचे केस विरळ दिसायला लागले, टाळूवर गोल चकती दिसली किंवा पू झाला, तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

सागरवेणी जमत नाही. मानेपाशी फुगा येतो.

सागरवेणी म्हणजे तिपेडी वेणीच, फक्त प्रत्येक वेढ्याला बाजूचे थोडे केस त्या पेडात घ्यायचे. कपाळाजवळचा एक चौकोन घ्या, त्याचे तीन पेड करा, दोन साधे वेढे घाला. तिसऱ्या वेढ्यापासून उजवा पेड मध्ये आणण्याआधी उजवीकडच्या कडेची पातळ बट त्यात मिळवा. मग डावीकडे तसंच. बट केसांच्या रेषेपासून सुरू झाली पाहिजे आणि प्रत्येक वेळी साधारण सारखी असली पाहिजे. करंगळीच्या नखाने बट वेगळी केली तर हातातले पेड सोडावे लागत नाहीत. ही युक्ती मला फार उशिरा सापडली.

मानेपाशी फुगा येण्याची कारणं दोन. पहिलं, मूल मान खाली घालून बसतं. मान वाकली की टाळूपासून मानेपर्यंतची कातडी ताणते. त्या अवस्थेत नीट बसलेले केस मान सरळ केल्यावर सैल पडतात. मानेचा भाग आला की "समोर बघ" म्हणा. (हातात पुस्तक दिलं तर मान खाली जाणारच, म्हणून काही बघायचं असेल ते डोळ्यांच्या उंचीवर ठेवा.) दुसरं कारण म्हणजे आपले हात. विणता विणता ते डोक्यापासून लांब, आपल्या पोटाकडे येतात. मनगटं मुलाच्या डोक्याला टेकलेली राहिली तर वेणी डोक्याच्या गोलाईवरून खाली उतरते.

पेड मधल्याच्या वरून न नेता खालून नेले तर वेणी डोक्यावर उठून दिसते. सुट्या तिपेडी वेणीत वरून-खालूनचा फरक फारसा जाणवत नाही, सागरवेणीत मात्र चेहरामोहराच बदलतो. निसटत्या केसांना ही उलटी पद्धत मला जास्त सोपी वाटते, कारण विणताना वेढे डोळ्यांसमोर राहतात.

तिपेडीपेक्षा सोपी कुठली वेणी आहे का?

आहे, दोन पेडांचा पीळ. दोन्ही पेड वेगवेगळे उजवीकडे पिळा आणि मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळा. दोरी वळतात ती अशीच: प्रत्येक पेडाला आपला पीळ उलगडायचा असतो आणि ती ओढ गुंडाळी उलगडण्याच्या विरुद्ध असल्यामुळे पेड एकमेकांना धरून ठेवतात. पिळणं आणि गुंडाळणं एकाच दिशेने केलंत तर रबर लावायच्या आत सगळं उलगडतं. ज्यांना तिपेडीची भीती वाटते त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही. खजुरी वेणीही दोनच पेडांची, प्रत्येक पेडाच्या बाहेरच्या कडेची पातळ बट दुसऱ्या पेडात टाकत जायचं. सोपी आहे, पण वेळ खाते. शाळेच्या सकाळी नकोच.

कुरळ्या केसांसाठी वेगळं काय?

जवळजवळ सगळंच. कुरळे केस कोरडे विंचरू नका. प्रत्येक वळणावर केस नाजूक असतो आणि कोरड्या कंगव्याने तिथेच तुटतो, शिवाय कुरळेपण विस्कटून केसांचा नुसता फुगारा होतो. पाण्याचा फवारा मारा, कंडिशनर लावा, आधी बोटांनी मोठे गुंते सोडवा आणि मग रुंद कंगवा घ्या. डोक्याचे चार भाग करून तीन क्लिपा लावून ठेवा आणि एका वेळी एकच भाग हाताळा. मुलालाही कळतं की आता एवढंच उरलंय.

कुरळा केस वाळल्यावर बराच आखडतो. म्हणून ओलसर असताना घातलेली वेणी सरळ केसांच्या वेणीपेक्षा अधिक सैल ठेवा. फायदा हा की अशा केसांची वेणी स्वतःहून धरून राहते, कधी कधी शेवटी रबरही लागत नाही. धाकटीची वेणी सकाळी जशी तशीच संध्याकाळी. थोरली या गोष्टीवरून अजून रुसते.

पुढचे केस आखूड आहेत, वेणीत येतच नाहीत.

झुलपं वेणीत कोंबायला जाऊ नका. त्यांना पोचवायचं म्हणून आपण अख्खी वेणी पुढे ओढतो आणि कपाळाची कड ताणली जाते. दोन छोट्या पिना लावा किंवा सोडून द्या. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे कपाळावरची झुलपं कानामागे जायला बरेच महिने लागतात. तोवर बाजूला आडवी छोटी वेणी घालून ती कानामागे अडकवणं हा बरा मार्ग.

किती लहान वयापासून वेणी घालता येते?

केस बांधता येतील इतके झाले की सैल वेणी चालते. काळजी वेणीपेक्षा तिच्यावरच्या सजावटीची आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, छोटी क्लिप, सुटणारं फूल लावू नका. ते निघून थेट तोंडात जातं आणि घशात अडकू शकतं. झोपताना सगळं काढून ठेवा. घरात तान्हं बाळ असेल तर विंचरलेले केस लगेच गोळा करा. गळलेला लांब केस बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन आवळला गेल्याच्या घटना डॉक्टरांना माहीत आहेत. बाळ कारण नसताना रडत असेल तर मोजे काढून बोटं बघा.

रात्री वेणी सोडावी का?

दिवसाची सोडा, विंचरा, आणि झोपण्यासाठी मानेपाशी एक सैल वेणी घाला. केस सुटे सोडून झोपलं तर उशीवर घासून सकाळी मागच्या बाजूला गुंता तयार. डोक्याला चिकटलेल्या बारीक वेण्या काही दिवस ठेवल्या तर सोडताना बरेच केस हातात येतात, त्याने घाबरू नका. मोठ्या माणसाचे दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात, वेणीत ते अडकून राहतात आणि सोडल्यावर एकदम दिसतात.

वेणी घातल्याने केस लवकर वाढतात का?

नाही. वाढ केसाच्या मुळाशी होते, आणि बाहेर आलेल्या केसाला वेणीचा पत्ता नसतो. टोकं कापल्यानेही वेग वाढत नाही. वेणीने एवढंच होतं की टोकं कमी घासतात, कमी तुटतात, म्हणून वाढलेली लांबी टिकते.

उवा झाल्या आहेत. वेणी घालू की नको?

घाला. उवा उडत नाहीत, उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. बांधलेले केस दुसऱ्याच्या डोक्याला कमी लागतात. पण वेणी हा उपचार नाही. उपचार म्हणजे बारीक दात्यांची फणी, ओले केस आणि भरपूर कंडिशनर, आणि संयम. बट बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी ओढा, प्रत्येक वेळी पांढऱ्या कागदावर किंवा कापडावर पुसा आणि बघा. दर तीन-चार दिवसांनी, निदान दोन आठवडे. लिखेतून ऊ बाहेर यायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणूनच औषध लावलं तरी बहुधा दुसऱ्यांदा लावावं लागतं. कुठलं आणि कधी ते मुलाच्या वयानुसार डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारा.

लिखा कुठे आहेत यावरूनही अंदाज येतो. ऊ अंडं घालते टाळूच्या अगदी जवळ, आणि ते केसाला चिकटून केसाबरोबर पुढे सरकतं. टाळूपासून दोन-तीन सेंटिमीटरवर दिसणारी लीख दोन-तीन महिन्यांपूर्वीची, म्हणजे रिकामी. मुळापासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असलेल्या लिखांची काळजी करा. आणि मुलाला रागवू नका, स्वच्छ केसांतही उवा तितक्याच आनंदाने राहतात.

मूल दोन मिनिटंसुद्धा एका जागी बसत नाही.

तुम्हाला पाच मिनिटं मिळतात असं धरा आणि पाच मिनिटांचीच वेणी निवडा. बसवण्याआधी पाणी पिऊन घ्यायला सांगा. "वेणी घालू का?" असं विचारलं तर उत्तर "नाही" येतं. "एक की दोन?" असं विचारा. क्लिपा आणि रबर मुलाच्या हातात द्या आणि लागेल तशी मागत जा. हातांना काम मिळालं की डोकं स्थिर राहतं. थोरली वेढे मोजायची, आणि मी मुद्दाम एखादा जास्त घालायचो.

पोहायला, खेळायला जाताना?

पोहण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, भिजलेला केस तलावातलं क्लोरीनचं पाणी कमी पितो. मग सैल वेणी आणि वर टोपी. बाहेर आल्यावर लगेच धुऊन वेणी सोडा. हेल्मेट घालायचं असेल तर वेणी मानेच्या खालीच सुरू करा. झोपाळ्याची साखळी, सायकलचं चाक, फिरतं यंत्र यांच्याजवळ लांब वेणी सुटी नको. दुमडून वर बांधा किंवा कपड्याच्या आत घाला.

मुलाने केस वाढवले आहेत. त्याचीही घालू?

त्याला हवी असेल तर हो. केसांना फरक कळत नाही.

मूल स्वतःची वेणी स्वतः कधी घालू शकेल?

थोरलीला आठव्या वर्षी जमली, काहींना आधी जमते, काहींना बऱ्याच उशिरा. खुर्चीला बांधलेल्या त्याच तीन नाड्या तिच्याही कामी आल्या. त्यानंतर मागची वेणी शिकवू नका, केस एका खांद्यावरून पुढे घ्यायला सांगा, म्हणजे पेड डोळ्यांना दिसतात. आरशासमोर मात्र बसवू नका. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं आणि हात गोंधळतात. थोरली आठवडाभर आरशासमोर चिडून रडली, मग एका संध्याकाळी दिवे गेले होते तेव्हा अंधारात बसल्या बसल्या तिने अख्खी वेणी घातली. टोकाला रबर लावायचा राहिला होता, तो मी लावला.